परत येण्याचं वाक्य

मी मूळचा वारज्याचाच, म्हणजे वारजं गाव होतं तेव्हाचा. आमच्या शेतावर आता सोसायटी उभी आहे, तिच्यात दुसऱ्या मजल्यावर दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं घर. दादाच्या हातची माती काही सुटली नाही, गच्चीवर कुंड्यांत वांगी लावायचा. मी शिकलो आणि कर्वेनगरात चष्म्याच्या दुकानावर खोली घेऊन क्लास काढला, परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचा. विद्यापीठं निवडून द्यायची, अर्ज भरून घ्यायचे आणि शेवटी व्हिसाच्या मुलाखतीची तालीम. तालमीसाठी माझं नाव होतं, मुलं स्वारगेटला मुंबईची गाडी पकडण्याआधी माझ्यासमोर एकदा बोलून जायची.

आता ती मुलाखत म्हणजे काय, सांगतो तुम्हाला. काचेपलीकडचा साहेब काहीही विचारो, त्याला एकच कळून घ्यायचं असतं, हे पोर शिकून परत येणार की तिकडेच राहणार. म्हणून परत येण्याचं कारण पक्कं लागतं. दादाची सायली, घरात तेवढी एकच पोर, मला मूलबाळ नाही, तिला अमेरिकेतल्या विद्यापीठाने घेतलं आणि व्हिसा नाकारला गेला. घरात सुतक असल्यासारखं झालं. मग मी तिला वाक्य करून दिलं, इंग्रजीत. वडिलांना हृदयविकार आहे, मी एकुलती एक, शिक्षण संपलं की मला परत यावंच लागेल. दादाला तेव्हा साधा खोकला नव्हता.

तालीम दादाच्या घरीच चालायची, जेवणाच्या टेबलाशी. दादा म्हणाला, साहेब मी बनतो. इंग्रजी येत नव्हतं, पण तो एक प्रश्न त्याने पाठ केला, व्हाय विल यू कम बॅक, आणि नाकावर वहिनींचा चष्मा. सायली वाक्य म्हणायची, तर हा म्हणायचा, आवाज पडू दे की जरा, बाप मरायला टेकलाय आन् तू भाजी आणायला चालल्यागत बोलतीस. आम्ही हसायचो. वहिनी तेवढ्या हसायच्या नाहीत. देवापाशी दिवा लावता लावता म्हणाल्या, भाऊजी, असलं वदवून घेऊ नका पोरीकडून, घर ऐकत असतं. मी म्हटलं, वहिनी, घराला इंग्रजी कुठे येतं.

हे मीच म्हटलं.

व्हिसा मिळाला, सायली गेली. पुढच्या वर्षी थंडीत दादा गच्चीवर कुंड्यांपाशी कोसळला. हृदयच. सायलीचा फोन आला, काका, मी निघते. तिला व्हिसा वर्षाचाच दिला होता, त्याची मुदत संपली होती, तिथे राहून शिकायला चालत होतं, पण इकडे आली असती तर परत जायला पुन्हा मुलाखत. मी म्हटलं, येऊ नकोस, अडकशील. बाप आजारी म्हणून सांगितलंयस, आता तोच गेला तर परत येण्याचं कारण काय सांगशील. काय सांगू तुम्हाला, भाऊ आत आयसीयूत आणि मी बाहेर उभा राहून हे बोललो, क्लासमध्ये बोलतो त्याच आवाजात. ती थांबली. तिने माझं ऐकलं.

दादा जाण्याआधी एकदा नीट शुद्धीवर आला होता. मला म्हणाला, साहेबाला कळव, खरंच आजारी हाय म्हणावं, पोर खोटं नव्हती बोलत. हसला पण.

आज सायली तिकडेच नोकरीला आहे, लग्नही तिकडेच केलं. फोन करते, माझ्या बीपीची चौकशी करते, त्या दिवसाचं काढत नाही. सुखी राहो पोरगी. क्लास चालू आहे. घर सांगा, जमीन सांगा, ठरलेली नोकरी सांगा, जित्या माणसाचं दुखणं कुणाला सांगू देत नाही, मुलांना वाटतं सरांची काहीतरी युक्ती असेल.

रोज संध्याकाळी वहिनींकडे जाऊन बसतो. मध्ये एकदा मेथी निवडता निवडता म्हणाल्या, भाऊजी, घराने अर्धंच ऐकलं का हो? आवाजात राग नव्हता, विचारायचं म्हणून विचारलं.

त्या दिवसापासून वहिनी चहाचे कप घेऊन आत गेल्या की मी त्या टेबलाशी उभा राहतो. उरलेलं अर्धं वाक्य म्हणतो. हळूच, मराठीत.