पेट्यांवरचं लॅटिन

तुम्ही हसाल, पण लॅटिनपायी एकदा आमचे देवगडचे आंबे बेवारशी व्हायची वेळ आली होती. पंच्याऐंशी साल असेल. मी बीएस्सीला होतो आणि वनस्पतींच्या नावांची तोंडी परीक्षा डोक्यावर होती. लॅटिन विशेषणही आपल्या मालवणीतल्या बरो, बरी, बरां यांच्यासारखंच लिंगाप्रमाणे बदलतं: इंडिकस, इंडिका, इंडिकम. तेच घोकत मी आंब्याच्या पेट्यांवर बाबांचा मार्का रंगवायला बसलो आणि मार्क्याऐवजी कुठल्या पेटीवर इंडिकस, कुठल्या पेटीवर इंडिका, तर कुठल्या पेटीवर इंडिकम रंगवून मोकळा झालो. ट्रक मुंबईला गेल्यावर ध्यानात आलं!

"मेल्या, माल कोणाचो तां दलालाक कळतलां कसां?" त्यानंतर चार दिवस बाबांनी मला पेट्यांना हात लावू दिला नाही.

पाचव्या दिवशी दलालाचं कार्ड आलं. "मार्का नवा दिसला, पण सुतळीची गाठ तुमच्याच हातची. इंडिका हातोहात गेली. तीच अजून पाठवा."

माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी कार्ड दोनदा वाचलं.

"इंडिका खंयच्या कलमाची रे?"

"सगळ्याच कलमांची, बाबा. आंब्याच्या लॅटिन नावातच इंडिका आसा. आंबो एकच."

त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "मगे सगळ्यांर तीच लिही."