खारा वारा सुटायच्या आत

—नाही हो, तिकडे नका बसू, वाळू उडते, इकडे सरका. थांबा, या चपला उचलतो. आमच्या हिच्या आहेत. मी राखणदार! पोहायचंय तुम्हाला? जा की खुशाल, आज समुद्र झकास आहे — ढगाचं नाव नाही, इथल्या लाटा कमरेएवढ्या, आणि वारा अजून जमिनीकडून, म्हणून लाट कशी नीट उभी राहते, सावकाश फुटते. ऊन तापलं की वारा उलटणार, समुद्राकडून येणार, मग सगळा विचका. मतलई वारे, खारे वारे — शाळेत घोकलं असेल ना? मीच शिकवायचो. जन्मभर भूगोल शिकवला, आणि घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. हसा, हसा. बायकोही हसते.

ती बघा, त्या पोरापोरींच्या घोळक्यात, निळी टोपी. हो, तीच! साठी उलटलीये. पेन्शन सुरू झाली आणि बाईसाहेबांनी सर्फिंगचा क्लास लावला. म्हटलं, अगं, या वयात हातपाय मोडून घेशील — तर म्हणते, तुम्ही फक्त चपला सांभाळा. आता यात काय वाईट वाटून घ्यायचं? मी नाही घेतलं. बरं, घेतलं थोडं. कारण पुढे म्हणाली, मुलीच्या वेळी मी आत कळा देत होते आणि तुम्ही बाहेर बाकावर पेपर वाचत होतात. तीच मुलगी परदेशी निघाली, तेव्हा तुम्ही पार्किंगमध्ये गाडी सांभाळत होतात. अहो, गाडी कुणीतरी सांभाळायला नको? आणि पेपरातलं एक अक्षर वाचलं नव्हतं मी. भीती वाटते हो मला. माझ्या माणसांना काही होत असताना मला तिथं उभं राहवत नाही. पण हे घरात कोण बोलतं? मी आपला चिडलो, आणि चिडून बोलून बसलो — तू त्या बाहेरच्या मोठ्या लाटेवर उभी राहून दाखव, मी पाण्यात येतो, गळ्यापर्यंत! शब्द दिला. मला वाटलं, कुठली उभी राहते! रोज फळीवरून पडायची, रोज मी निर्धास्त. आणि आज बघा, पहिल्यांदाच बाहेर गेलीये. माझी सगळी भिस्त आता खाऱ्या वाऱ्यावर. तो सुटला की क्लास बंद.

अरे, तुमची टोपी! धरा, धरा. समुद्राकडून आला ना झोत? आला! बघा, पाण्यावर कसा शहारा उठला. आणि ही शिट्टी, त्यांच्या शिकवणाऱ्या बाईंची. सुटलो बुवा! निघाली सगळी परत. ही मात्र — ही का थांबलीये? मागे बघतेय. लाट शोधतेय. ओ बाई! शिट्टी काय वाजवताय, एक लाट येऊ द्या की तिला! — मी? मी कुठे ओरडलो? ओरडलो, बरं. पण तुम्हीच सांगा, हात मारत मारत एवढ्या लांब गेली ती, आणि मी इथं बसून वारा कधी उलटतो याची वाट बघतोय. नवरा म्हणायचं का याला? — आली. मोठी आहे हो. छातीएवढी आहे. मार, हात मार! गुडघा — अगं पाय, पाय पुढे घे!

उभी राहिली.

उभी राहिली! अजून आहे, अजून आहे — पडली! पण उभी राहून पडली, तुम्ही साक्षीला आहात! कुठंय? टोपी दिसतेय, ती कुठंय? — हां. आली वर. इकडेच बघतेय. हात करून बोलावतेय मला.

हा चष्मा धरा. आणि हे घड्याळ. पाणी फार गार असेल का हो? — नका, नका सांगू. काही बोलूच नका आता माझ्याशी. सरका, जाऊ द्या मला.