बेचिराख गावची त्रेचाळीस घरं

न्हाई न्हाई भाऊसाहेब, खोडा आधी ते — ‘मौजे बेचिराख’ न्हाई, उंबरठाण लिवा. उंबरठाण. तुमच्या कारखान्यात घरटी एक मानूस घ्यायचा म्हनता, आन् कागदावर गावात घरच न्हाई, मग घेनार कुनाला, भुतास्नी? आज त्रेपन साल उजाडलं, त्रेचाळीस घरं हायत, मी उद्धवराव पाटील जित्ता तुमच्यापुढं बसलोय, आन् सरकार म्हनतं इथं दिवा लागत न्हाई.

हसताय व्हय? हसा. माझ्या पोराच्या दोन सोयरिकी मोडल्या त्या नावापायी — बेचिराख गावात लेक कोन देतंय? आता नोकरी लागली तर तिसरी जमंल, म्हनून तुमच्या पाया पडतोय. झालं कसं, सांगतो. गाठीचा रोग, पलेग आला तवा माझ्या वडलांकडं पाटीलकी. गोरा सायब घरं तपासाया येनार म्हनल्यावर त्यांनी समद्यांना माळावर झोपड्यांत धाडलं आन् कचेरीत कळवलं, गाव उठलं. कारकुनानं लिवलं, ‘उंबरठाण — बेचिराख’, म्हंजे ओसाड. त्याच्या मागनं आला त्यो दुसरा शहाना, त्याला वाटलं हे गावाचंच नाव! उंबरठाण गाळलं, फुडं ‘मौजे’ जोडलं. तवापास्नं खानेसुमारीवाले कागद बगत्यात आन् सडकंवरनंच माघारी जात्यात. गाव मातुर वाढतंय — वजीर लोहार आला, बीडकडली चार घरं आली, फाळनीनंतर पिंपरीच्या छावनीतला एक सिंधी दुकान टाकून बसला. कागदावर समदी शून्यात जमा.

माळावरली मानसं? आली की, आठ म्हयन्यांनी. तवर रान पडीक ठिवायचं व्हय? वडलांनी कसलं, मग अर्ज करून आपल्या नावावर लावून घेतलं — उठलेल्या गावाला मालक कोन? पन मन मोठं हो त्यांचं, कुनाला हाकललं न्हाई. ज्याला त्याला त्याच्याच रानात सालगडी ठिवलं. आमच्याकडं कामाला येती त्या गोजाबाईचा सासरा मरस्तवर आमच्याच वावरात राबला — आमच्या म्हंजे, तसं त्याच्याच... जीभ घसरली. तुमी ते काय लिवताय?

घरांची यादी करायला आलात न्हवं, मग रानाच्या चौकशा कशापायी? ‘गाव उठलंच न्हवतं, तर जमीन पाटलाला मिळाली कशी’ — ही काय इचारायची रीत झाली? पाटलाच्या ओट्यावर बसून?

ऱ्हाऊ द्या ती यादी. नोकरी नको आमाला. पोरगं नांगर धरंल, बिनलग्नाचं ऱ्हाईल, ते माझं मी बगीन. आन् ते पान फाडा. फाडा म्हनतो. उठा आता, उनं कलली, निघोजपातुर चालायचंय तुमाला.

आं? गोजाबाई, तू कवाधरनं हुबी हायस हितं? बाजूला हो. सायबास्नी जायचंय.

बाजूला हो म्हनतो न्हवं.