नवरी सरकली पलीकडच्या स्क्रीनवर

चहा राहू द्या, आधी हे ऐका! कॉम्प्युटर नवे होते तेव्हाची गोष्ट. बीडमधल्या माझ्या लग्नपत्रिकांच्या दुकानात मी दोन तोंडांचं ग्राफिक्स कार्ड बसवलं. कॉम्प्युटर एक, मॉनिटर दोन! माउसचा बाण एका डब्यातून निघून दुसऱ्यात शिरायचा, तेवढं बघायला लोक यायचे.

एकदा पत्रिका बघायला दोन्हीकडची मंडळी आली. शिरूरचे नवरीकडचे डावीकडं बसले, तेलगावचे नवरदेवाकडचे उजवीकडं. मी हौसेनं नवरीचं नाव डाव्या स्क्रीनवर टाकलं, नवरदेवाचं उजव्या. सगळे लई खूश!

मग नावं जुळवायला मी नवरदेवाचं नाव धरून डावीकडं ओढलं. ते काठावर अर्धं इकडं, अर्धं तिकडं असतानाच त्याचा मामा ताडकन उठला.

"थांब बे! आमच्या पोराला कुठं न्यायलास?"

"मामा, दोघांची नावं एकाच पत्रिकेत घ्यायचीत."

"मग तिला आण हिकडं! आमाला घरजावई करायचा न्हाई!"

तेलगावचे सगळेच उभे राहिले. मी गुमान नवरदेवाला जागेवर ठेवलं आणि नवरीचं नाव हळूहळू उजवीकडं सरकवलं. शेवटचं अक्षर पलीकडं गेलं, डावा स्क्रीन मोकळा झाला.

"आता कसं!" मामा म्हणाला.

तेवढ्यात हुंदका ऐकू आला. नवरीची आई त्या मोकळ्या स्क्रीनकडं बघत पदरानं डोळे पुसत होती.

मामा खाली बसला. जरा वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "लग्नाला महिना हाय अजून. तवर ऱ्हाऊ दे तिला माहेरी."