कोबीच्या पिंपातलं पाणी

बल्गेरियातल्या प्लोव्दिव्ह शहरात, जनावरांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एकाच इमारतीतले दोघे शेजारी बसले होते. कामेनच्या मांडीवर सरड्याचा डबा होता, तर रांगेलकाकांच्या हातात मांजर आणि खारवलेल्या कोबीची बरणी.

“काका, ती बरणी डॉक्टरांना देऊ नका.”

“का रे? यंदाचा कोबी अख्खी इमारत वाखाणतेय. मुरवायच्या पिंपातलं खारं पाणीसुद्धा कमी होत नाही!”

“तेच सांगायचंय. सरड्यावर दिवसातून चारदा पाणी फवारावं लागतं. ते त्याच्या काचेच्या पेटीत साचलं की तो आजारी पडतो. म्हणून तळाला भोक पाडलं आणि नळी बाल्कनीबाहेर सोडली.”

“शहाणा आहेस. मग?”

“खाली तुमच्या बाल्कनीत कोबीचं पिंप आहे.”

“झाकण आहे की त्याला.”

“झाकण कसलं, फळी आणि वर दगड. फटीतून जातं, काका. मला रविवारी कळलं.”

“सोमवारी तू माझ्यासमोर दोन वाट्या खाल्ल्यास!”

“सांगायलाच तोंड उघडलं होतं. तुम्ही काटा पुढे केलात.”

“अरे देवा! परवा सासूबाईंनी तीस वर्षांत पहिल्यांदा माझा कोबी मागून घेतला रे.”

“लाज वाटते हो. आजच नळी काढतो.”

“नाताळला पुन्हा येणार आहेत त्या. त्यानंतर काढ.”

“काका!”

“आणि असं माझ्याकडे बघू नकोस, त्यांना तीच चव आवडलीय.”