मधलीच ओळ

डोळ्यांच्या दवाखान्यात औषधाचे थेंब घालून आम्हाला बसवलं होतं. माझ्या शेजारी एक गृहस्थ डोळे मिटून, आणि त्यांची थोरली बहीण हातात फोन घेऊन.

“आपा, कुराणातली ती लढाईची आयत काढ. सापडतील तिथे मारा, ती. आपल्या धाकट्या भावाला पाठव.”

“आधीची वाचू?”

“नको. तेवढीच.”

“डोळे तुझे मिटलेत, वाचणार मी. जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, पण हद्द ओलांडू नका.”

“ओलांडली ना धाकट्याने! कुंपण हातभर माझ्याकडे सरकवलं.”

“अरे, ज्यांना घरादारातून हाकललं, ज्यांच्या जिवावर लोक उठले होते, त्यांना सांगितलंय हे. तुझ्या कुंपणासाठी नाही उतरलं ते.”

“बरं, पुढे काय आहे?”

“त्यांनी हात आवरला, तर अल्लाह माफ करणारा आहे.”

“तो कुठला आवरतोय!”

“थेंब घातल्यावर तुला गाडी चालवता येणार नाही, म्हणून मी त्यालाच बोलावलं. कामावरून तसाच आलाय. खाली उभा आहे.”

गृहस्थांनी मिटल्या डोळ्यांनीच मान दुसरीकडे वळवली.

“मग, पाठवू आयत?”

“उन्हात कशाला उभा राहिलाय तो गाढव? वर बोलाव त्याला.”