नाक्यावरचा बॅनर

हॅलो? …हां दादा, प्राची बोलते. कधीपासून लावते फोन. एंगेज, एंगेज… कुठं हायस तू?

…ढोल? नीट ऐकू येत नाय, जरा बाजूला ये.

…हो, बघितलं ना टीव्हीवर. त्या बिल्डरच्या पोरावर कोर्टानं खुनाचा आरोप ठेवला. इतके दिवस त्याचे वकील म्हनत होते, पोरगी गच्चीवरून पाय घसरून पडली… हो, हो. सगळ्या ऐरोलीत तेच चाललंय. आमच्या ऑफिसातल्या पोरी पन… अरे ऐक ना.

आनंद झालाच रे. मी पन रडले. मनस्वी काय तुझी एकट्याची चुलत बहीन होती, माझी नव्हती? पन पेढे वाटायचं कोनी ठरवलं? वर्ष पन झालं नाय अजून. गोजराकाकीनं पोटची पोर गमावलीय, तिच्या दारात तुमी गुलाल…

…मंडळाच्या पोरांनी. बरं. आनि बॅनर पन मंडळाच्या पोरांनीच?

त्याच्यासाठीच फोन केलाय. नाक्यावरचा तो बॅनर उतरव. आत्ताच्या आत्ता.

…परवानगीचं नाय बोलत मी. दादा, तू नीट बघितलास का तो?

…अक्षरं सोड. 'मनस्वीला न्याय', बरोबर हाय. तिचा फोटो कुठला घेतलाय?

…हिरव्या साडीतला, हो. छान दिसते, हो. अरे, तो साखरपुड्याचा हाय. त्याच्यासोबतचा.

…कापलाय त्याला, माहितेय. चेहरा कापलाय. हात नाय कापला. तिच्या डाव्या खांद्यावर बघ. घड्याळ घातलेला हात. कोनाचा वाटतो तुला?

…हां, त्याचाच.

…आता 'अरे देवा' करून काय होनार? अख्ख्या मंडळानं बघून ओके केला अन् एकाला दिसलं नाय. प्रत्येकानं आपापलाच फोटो बघितला असनार. कोन वर, कोन खाली. तुझा बरा आलाय, गॉगल लावून.

…रागावू नको तर काय करू? ज्यानं मारली तिला, त्याचाच हात तिच्या खांद्यावर ठेवून गावभर मिरवताय तुमी.

…नाय, काकीनं बघितलं नाय अजून. आत हाय ती. म्हटलं, बाहेर गर्दी हाय, आधी चहा घे. मी पुढच्या दारातच बसलेय, तिला सोडत नाय. तेवढ्यात तू… थांब.

काकी? …काकी, कप तसाच ठेवलास?

…दादा, मागचं दार उघडं हाय.

फोन ठेवू नको. जाते मी नाक्यावर… अहो, वाट द्या जरा. नको पेढा, वाट द्या… दिसली. दिसली रे. खुर्चीवर चढलीय, तुमच्या मंडळाच्या.

…बघितला तिनं. …नाय, रडत नाय. हात पुरवते वर. …काय काकी? काय पाहिजे?

दादा, कातर मागते ती.

…नाय, फाडत नाय. मी पन तेच म्हटलं, काकी, उतर तू, दादा आख्खा बॅनर काढतो. नको बोलते. पोरगी राहू दे वर, एवढे लोक आलेत तिच्यासाठी. तो हात तेवढा काढायचाय.

…ढोल थांबव आधी. आनि कातर घेऊन ये कुठून पन. ठेवते मी, खुर्ची हलतेय तिची, धरायला पाहिजे.